इंग्रजी शब्दांतले भेद कोणी ठरवले?

इंग्रजीत एकाच अर्थाभोवती दोन-दोन, तीन-तीन शब्द आढळतात, याचे कारण त्या देशाच्या इतिहासात आहे. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर कित्येक पिढ्या दरबारात, न्यायालयांत आणि उमरावांच्या वाड्यांत फ्रेंच चालली. शेतकरी आणि कारागीर मात्र आपली जुनी भाषाच बोलत राहिले. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांची आयात केली. त्यामुळे ‘राजाला शोभणारे’ एवढे सांगायला किंगली हा देशी, रॉयल हा फ्रेंच आणि रीगल हा लॅटिन वळणाचा, असे तीन शब्द जमा झाले. कोणता कुठे वापरायचा, हे कोणी लिहून ठेवले नव्हते.

रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने 1604 साली काढलेला सुमारे अडीच हजार शब्दांचा कोश हा इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश मानतात. फारसे न शिकलेल्या लोकांसाठी, त्यातही स्त्रियांसाठी, तो होता. त्यात अवघड शब्दापुढे सोपा शब्द दिलेला आहे, म्हणजे दोन शब्दांतले साम्यच दाखवलेले आहे. फरक सांगण्याची विद्या इंग्लंडला फ्रान्सकडून मिळाली. गाब्रिएल जिरार या फ्रेंच पाद्र्याने 1718 साली समानार्थी शब्दांवर पुस्तक लिहिले. कोणतेही दोन शब्द सर्वस्वी सारखे नसतात, अशी त्याची धारणा होती. ते पुस्तक इतके गाजले की पुढे फ्रेंच अकादमीने त्याला सभासद करून घेतले.

इंग्रजीत हे काम प्रथम जॉन ट्रसलरने 1766 साली केले. केले म्हणण्यापेक्षा उचलले म्हणणे रास्त, कारण त्याच्या दोन खंडांतला बराच मजकूर जिरारचाच होता. ट्रसलर पेशाने धर्मोपदेशक, पण डोके व्यापाऱ्याचे. हस्ताक्षरासारख्या टाइपात छापलेली प्रवचने तो पाद्र्यांना विकत असे. श्रोत्यांना वाटावे की महाराजांनी रात्री जागून स्वतः लिहिली आहेत.

खरे स्वतंत्र पुस्तक आले ते 1794 मध्ये, हेस्टर पियोझी हिचे. ती कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सनची जुनी स्नेही. वैधव्यानंतर 1784 साली तिने एका इटालियन गायकाशी लग्न केले, त्यावरून जॉन्सनने तिला संतापाचे पत्र लिहिले आणि मैत्री तुटली. परक्या माणसाला इंग्रजी बोलताना शब्द कुठे अडतात, हे तिला घरातच दिसत होते. म्हणून तिचे पुस्तक संभाषणातल्या शब्दनिवडीचे आहे. टीकाकारांनी त्याची थट्टा केली, तरी तिची दृष्टी त्यांच्यापेक्षा बरी होती: शब्दाचा नेमका अर्थ व्युत्पत्तीपेक्षा वापरात सापडतो, हे तिने धरून ठेवले. 1813 साली विल्यम टेलरने उलट वाट धरून धातूंवरून अर्थ ठरवले. 1816 साली आलेले जॉर्ज क्रॅबचे जाडजूड पुस्तक मात्र शंभर वर्षांनंतरही छापले जात होते. एलिझाबेथ जेन व्हेटलीचे 1851 चे छोटे, नेटके पुस्तक तिच्या नावाशिवाय निघाले आणि श्रेय बराच काळ तिच्या आर्चबिशप वडिलांना मिळत राहिले. पुढच्याच वर्षी पीटर मार्क रोजे या डॉक्टरने आपला प्रसिद्ध थिसॉरस काढला. भेद समजावणे हे आपले काम नाही, असे त्याने प्रस्तावनेतच सांगून टाकले.

दरम्यान दुसऱ्या बाजूने चूक-बरोबर ठरवणारे लेखक पुढे आले. लेस आणि फ्यूअर यांचा भेद त्यांच्यापैकी एकाचा आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंसाठी फ्यूअर, न मोजता येणाऱ्यासाठी लेस, असे शाळेत शिकवतात. पण आल्फ्रेड राजाच्या काळापासून, म्हणजे नवव्या शतकापासून, इंग्रज लोक मोजण्याजोग्या वस्तूंनाही लेस लावत आले होते. 1770 साली रॉबर्ट बेकरने ‘शंभरापेक्षा कमी नाही’ अशा वाक्यात आपल्याला फ्यूअर अधिक डौलदार आणि अधिक योग्यही वाटतो, असे लिहिले. शाळा पंधराव्या वर्षी सुटल्याची कबुली देणाऱ्या माणसाची ही वैयक्तिक आवड होती. पुढच्या व्याकरणकारांनी तिचा कायदा केला. त्या कायद्याचा धाक अजून आहे: दहा किंवा कमी वस्तू घेणाऱ्यांच्या रांगेवरच्या फलकात लेस होता, म्हणून टीका झाल्यावर 2008 मध्ये ब्रिटनच्या टेस्को दुकानांनी शब्दरचनाच बदलून ‘दहा वस्तूंपर्यंत’ असे लिहायचे ठरवले.

डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड यांचे प्रकरण याहून गमतीचे आहे. आज पहिल्याचा अर्थ निःपक्षपाती, दुसऱ्याचा रस नसलेला. सतराव्या शतकात हे दोन्ही नेमके उलट्या अर्थांनीही वापरलेले सापडतात. आजची वाटणी नंतर पक्की झाली, आणि ती उपयोगी आहे. न्यायाधीशाला खटल्यात रस असावा, स्वार्थ नसावा, हे एका शब्दात सांगता येते.

1926 साली हेन्री फाउलरचा इंग्रजी वापराचा कोश आला आणि या सगळ्या वादांना एक न्यायासन मिळाले. फाउलर काटेकोर होता, पण हटवादी नव्हता. दॅट आणि विच यांची कामे वाटून द्यावीत, असे त्याने सुचवले आणि चांगले लेखक तसे करत नाहीत, हेही त्याच जागी मान्य केले. वाचकांनी सूचना लक्षात ठेवली, कबुली विसरली.

महाराष्ट्रात हे नियम ज्या पुस्तकातून घरोघर पोहोचले, ते रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजला. त्या पुस्तकात शॅल आणि विल यांचा जो भेद आहे, तो जॉन वॉलिस या गणितज्ञाने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला होता. हा फरक परदेशी माणसाला कळणे कठीण जाते, असे कारण देऊनच त्याने नियम सांगितला. आज खुद्द इंग्लंडमध्ये बोलताना शॅल मुख्यतः विचारणा करण्यापुरता उरला आहे.