खोक्यातली वीज

परवा शनिवारी भरदुपारी लाईट गेली. इन्व्हर्टरने 'टक्' केलं, पंखा क्षणभर रेंगाळला आणि परत फिरायला लागला. रूममेटला तर पत्ताच नाही. म्हटलं, चला, आज या बॅटरीची जन्मकुंडली काढू.

गंमत म्हणजे ही बाई विजेच्या कारखान्यांपेक्षा वयाने मोठी आहे. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने शिशाचे दोन पत्रे एकत्र गुंडाळले आणि पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले. वीज सोडली की साठते, हवी तेव्हा परत मिळते. पण तेव्हा धड डायनामोच नव्हता, त्यामुळे ती चार्ज करायची दुसऱ्या, एकदाच वापरायच्या बॅटऱ्यांनी! म्हणजे डबा तयार, भाताचा पत्ता नाही.

१८८१ मध्ये कामीय फोरने पत्र्यांवर शेंदराचा लेप दिला. हो, मारुतीला लावतात तोच, शिशाचं ऑक्साइड. त्याने जास्त वीज मावायला लागली. त्याच वर्षी असे सेल भरलेलं एक खोकं पॅरिसहून ग्लासगोला विल्यम थॉमसनकडे (म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन) गेलं. विजेचं पार्सल! लोकांना काय अप्रूप वाटलं असेल.

सुरुवातीच्या डीसी पॉवरहाउसमध्ये बॅटऱ्यांच्या खोल्याच असत. रात्री उशिरा इंजिन बंद करायचं आणि थोडेफार दिवे बॅटरीवर चालवायचे. म्हणजे साठा सगळ्या गावाचा, सामायिक. पुढे एसी जिंकली. ती थेट साठवता येत नाही, त्यामुळे बॅटरीचं तिथलं महत्त्व गेलं. टेलिफोन एक्स्चेंजात मात्र ती टिकली. घरात काळोख असतानाही लँडलाइन वाजायची ती तिथल्या ४८ व्होल्टच्या जोरावर.

आणि मग आपल्याकडे आलं लोडशेडिंग. मी शाळेत असताना आमच्या तालुक्याच्या गावी रोज कित्येक तास लाईट नसायची. बाबांनी इन्व्हर्टर घेतला. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझं. शेजारच्या काकूंना परवडत नव्हता, त्यांचा मुलगा दहावीच्या अभ्यासाला आमच्या हॉलमध्ये बसायचा. आपण त्याला उजेड देतो याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

इंजिनिअरिंगला गेल्यावर हिशोब कळला. अशा बॅटरीत चार युनिट घातली तर हातात साधारण तीनच येतात. लाईट आली रे आली की गावातले सगळे इन्व्हर्टर एकदम वीज ओढणार. म्हणजे तुटवडा म्हणून बॅटरी आणि बॅटरीमुळे तुटवड्यात भर. त्यातला वाटा काकूंच्याही माथी, ज्यांच्याकडे इन्व्हर्टरच नव्हता! आमचा उजेड थोडासा त्यांच्याच अंधारातून येत होता.

काकूंसारख्यांना उपयोग साठा सामायिक असेल तरच. २०१९ मध्ये दिल्लीत रोहिणीच्या सबस्टेशनमध्ये १० मेगावॅटची लिथियम बॅटरी बसली, ते वाचून म्हणून बरं वाटलं. सव्वाशे वर्षं फिरून बॅटरी पुन्हा पॉवरहाउसच्या दाराशी आली की!

असो. हे सगळं बाबांना फोनवर ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी कधी बघितलं होतंस?"

...आलोच, डिस्टिल्ड वॉटर घेऊन.