तगरच्या गुत्त्यात एक संध्याकाळ

ढोकी मागे टाकून तेरच्या रस्त्याला लागलात की गाडीच्या काचा खाली करा. गावात शिरल्यावर आधी गोरोबाकाकांच्या देवळात हात जोडून घ्या. पुढे जिथे न्यायचंय तिथे जाण्यापूर्वी तेवढं केलेलं बरं. मग तेरणेच्या काठाला, पांढरीच्या टेकाडावर चढा. पायाखाली खापरं करकरतील. ती उचलून खिशात घालू नका, तो गुन्हा आहे. नुसते उभे राहा, डोळे मिटा आणि दोन हजार वर्षं खाली उतरा.

उघडा डोळे. आणि आधी बाजूला व्हा, मागून बैलगाडी येतेय!

गाडीवान तुम्हाला जे काही म्हणाला ते प्राकृतात होतं. सुदैवाने तुम्हाला कळलं नाही. गाडीत कापडाचे गठ्ठे आहेत, दोरखंडांनी आवळलेले. आज अशा गाड्या तुम्हाला शेकड्याने दिसतील, कारण तुम्ही तगरात, म्हणजे तेव्हाच्या तेरात आहात आणि तगर कापडावर जगतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाची दर्यावर्दी मार्गदर्शिका लिहून ठेवलीय. तीत या गावाची नोंद आहे: भडोचहून दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला १० दिवसांवर तगर, फार मोठं शहर. त्याने दिशा जरा ढोबळ सांगितलीय. पण शहर मोठं आहे हे तुमच्या नाकाला एव्हाना कळलंच असेल. शेण, ओला कापूस, भट्टीचा धूर, घाम, कुठेतरी कढत असलेला गूळ. वैशाखाचं ऊन विटांच्या भिंतींवरून उलटून तोंडावर येतंय. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू आहे. एक पोर तुमच्या पँटीकडे बघून खो-खो हसतंय. त्याच्या गळ्यात मातीचं पदक आहे, रोमन नाण्याच्या छापावरून उठवलेलं. अस्सल सोन्याचं नाणं परवडत नसेल तर मातीची नक्कल मिरवावी, ही हौस काही काल-परवाची नाही.

घसा सुकला ना? चला मग. मी तुम्हाला इथे कापड बघायला आणलेलंच नाही.

पुण्या-मुंबईत सध्या पेयाच्या प्याल्यावर संत्र्याची साल जाळतात. बारवाला हातभर दाढी कुरवाळत सांगतो, की यात अमुक झाडाची मुळी आहे, तमुक मसाला आहे आणि हे सगळं आम्ही इथेच मुरवतो. तुम्ही मान डोलावता आणि हजार रुपये मोजता. त्याच्यावर माझा राग नाही; काही पेयं खरंच छान असतात. फक्त ही कारागिरी परवाच्या विमानाने आली असं तो सांगतो, तेव्हा त्याला कुणीतरी कान धरून या गल्लीत आणायला हवं.

आता एक कबुली देऊन टाकतो. तगरच्या गुत्त्याचं दरपत्रक कुठल्याही उत्खननात मिळालेलं नाही. मी बरोबर घेतलंय ते कौटिल्याचं ‘अर्थशास्त्र’. त्यात सुराध्यक्षाचं, म्हणजे दारू खात्याच्या साहेबाचं, अख्खं प्रकरण आहे आणि त्यात कृती मापांसकट दिल्या आहेत. ते पुस्तक काही तगरसाठी लिहिलेलं नव्हतं. पण कवठ, उडीद, गूळ आणि मिरी जिथे आहेत, तिथे माणसं काय करत असतील हे सांगायला कौटिल्य कशाला लागतो?

पुढच्या दारातून नको. मागच्या अंगणातून शिरा, खरी गंमत तिथे आहे.

सावलीला चार-पाच बायका आणि त्यांची पोरं बसलीत. दळलेले उडीद, त्यांच्याहून एक तृतीयांश जास्त तांदूळ, वर औषधी मुळ्यांची चिमूट. हे कालवून ज्या वड्या होतात त्यांना म्हणायचं किण्व. वाका आणि वास घ्या. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेल्या इडलीच्या पिठाचा वास येतोय की नाही? तोच आंबट, जिवंत वास. तांदळाची दारू उठते ती या किण्वावर. सुरा आणि किण्व यांची कामं बायका-मुलांनी करावीत असं कौटिल्याने लिहूनच ठेवलंय. आत गल्ल्यावर बसलेला मिशाळ गडी नावापुरता मालक आहे. गिऱ्हाईक परत येतं ते या अंगणामुळे.

त्या कोपऱ्यातल्या म्हातारीकडे बघा. रांजणावर फडकं बांधलंय. ती फडकं सोडत नाही, चव घेत नाही. रांजणाच्या पोटाला कान लावते. तुम्हीही लावा. आत बारीक चुरचुर चाललीय, बुडबुडे फुटताहेत. चुरचुर जोरात असेल तर अजून थांबायचं, मंदावली की गाळायचं. तुम्ही बोट बुडवायला गेलात आणि हातावर फटकन चापट बसली. तिला तुमची भाषा येत नाही, पण चापट तुम्हाला नीट कळली असणार.

आता आत या. डोळे अंधाराला सरावू द्या. एक नव्हे, बऱ्याच खोल्या आहेत, प्रत्येकीत वेगळी बैठक. कोपऱ्यात मोगऱ्याच्या माळा, वाळ्याच्या पाण्याचा गारवा. पानागारात, म्हणजे गुत्त्यात, सुगंध, फुलं, पाणी असावं आणि तिथे ऋतूप्रमाणे सुख वाटावं, असा राजनियमच आहे. बाहेर अंग भाजत होतं, इथे मातीच्या ओल्या जमिनीवर तळवे थंड होतात. गर्दी मात्र दाबून आहे. गाडीवान, विणकर, घोड्यांचे दलाल आणि एक माणूस जो पीत काहीच नाही आणि सगळ्यांचं ऐकतोय. तो हेर आहे. कोण ऐपतीबाहेर पैसा उधळतोय यावर त्याची नजर असते, तेव्हा खिशातला मोबाइल बाहेर काढू नका.

शेंगदाणे मागू नका. शेंगदाणा अजून समुद्रापलीकडे आहे. मिरची, टोमॅटो आणि बटाटाही तिकडेच. हे कळल्यावर तुमचा चेहरा पडला, स्वाभाविक आहे. भाजलेले हरभरे मिळतील, मीठ-मिरी लावून. मटण मिळेल, शेळ्या या मुलखात कधी कमी पडल्या नाहीत. फक्त रस्सा लाल नसेल.

काय घ्याल? मेदक स्वस्त आहे: पाणी, तांदूळ आणि किण्व. पांढरट, पातळ, उन्हातून आलेल्या हमालाचं पेय. एक वाडगा घ्या, तहान भागेल.

त्यानंतर आसव मागा. ही कृती वाचली तेव्हा माझ्याच तोंडाला पाणी सुटलं होतं. एक भाग कवठाचा गर, पाच भाग काकवी आणि वर थोडा मध. बास. तुम्ही महाशिवरात्रीला गूळ घालून कवठ खाता ना? तीच चव आंबवून धारदार केलेली. आधी गोड लागतं, मग जिभेच्या कडा आकसतात आणि शेवटी कवठाचा तो रानवट वास नाकात चढतो. माप पावपट वाढवलं तर उत्तम प्रत, पावपट कमी केलं तर कनिष्ठ. प्रतवारीचीही सोय आहे, म्हणजे दर्दी गिऱ्हाईकही होतं.

आणि मग मैरेय. सावकाश घ्या. मेषशृंगीच्या सालीचा काढा, त्यात गूळ, पिंपळी आणि मिरी. कुणी त्रिफळाही घालतं. मेषशृंगी म्हणजे नेमकं कुठलं झाड यावर वैद्य आजही भांडतात, आपण भांडायला नको. पहिला घोट कडू. दुसऱ्याला गूळ पुढे येतो. गिळल्यावर पिंपळीची ऊब घशातून छातीत उतरते आणि कानाच्या पाळ्या तापतात. साल, मसाला, गोडवा, कडवटपणा, सगळं तोलून मापून. बारवाल्याच्या भाषेत हे बिटर्सही झालं आणि बोटॅनिकल्सही. ही दारू ऊर्ध्वपातनाची नाही, नुसती आंबवलेली आहे, म्हणून चढते हळू. पण तिसऱ्या वाडग्यानंतर मला सांगायला येऊ नका.

पलीकडच्या खोलीत कसली कुजबुज आहे? एका शेठजींसमोर परदेशी दारू उघडलीय. इटलीची. भडोचच्या बंदरात इटलीची दारू आधी उचलली जाते, लाओडिसियाची आणि अरबस्तानची नंतर, हेही त्या पेरिप्लसवाल्याने टिपलंय. राजासाठी उंची दारू वेगळी यायची. ही बिचारी रोमच्या जहाजात डुचमळली, मोसमी वाऱ्यांवर समुद्र ओलांडून आली, मग रस्ते नसलेल्या रानातून ३० दिवस बैलगाडीत हिंदकळली. शेठजींनी घोट घेतला. चेहरा बघा! सव्वा वर्षाच्या शिरक्यासारखं तोंड झालंय, पण ते ‘वा’ म्हणताहेत, कारण आजूबाजूला माणसं आहेत. बाजूच्या रांजणातलं मैरेय याच्याहून दहापट सरस आहे हे त्यांना ठाऊक आहे. नातवाच्या बारशाला ते तेच मागवतील, गुपचूप.

तेवढ्यात एक विणकर भिंतीला टेकून घोरायला लागलाय. मालक लगबगीने येऊन त्याच्या अंगावरचं कडं आणि उपरणं मोजतोय. चोरायला नव्हे, नोंद ठेवायला. झोपलेल्या गिऱ्हाइकाचं काही हरवलं तर त्याची भरपाई मालकाने करायची आणि तेवढाच दंडही भरायचा, असा कायदा आहे. आजच्या बारमालकांना वाचून दाखवावा असा. दारू बाहेर न्यायला मात्र बंदी, फक्त ओळखीच्या सभ्य माणसाला थोडीशी. नाहीतर कामकरी काम बिघडवतील, प्रतिष्ठित लोक पायरी सोडतील आणि दांडगे हत्यार उपसतील, ही भीती. याच प्रकरणात एक ओळ अशीही आहे, जी वाचून कौटिल्याबद्दलचं कौतुक थोडं उतरतं: बिघडलेली दारू दासांना आणि मजुरांना मजुरी म्हणून द्यावी, नाहीतर जनावरांना पाजावी किंवा डुकरांना घालावी. त्या मागच्या अंगणातल्या बायकांच्या वाट्याला यातलं काय येत असेल, ते तुम्हीच बघा.

पैसे द्या. हे पोटीनचं, म्हणजे मिश्र धातूचं, नाणं घ्या, त्यावर हत्ती आहे. मागे उज्जैनचं चिन्ह. सुटे परत मागू नका.

बाहेर पडलात की ऊन उतरलेलं असेल आणि डोकं थोडं हलकं. टेकाडावरून खाली आल्यावर थेट घरी जाऊ नका, गावातलं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं पुराणवस्तुसंग्रहालय बघा. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. दारू तिकडून इकडे येत होती तेव्हा इथली कारागिरी तिकडे जात होती.

आणि पुण्यातल्या, संभाजीनगरातल्या बारवाल्यांना एक विनंती. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या लोकांनी आपल्या पेयाची लाज न बाळगल्यामुळे. तुम्ही कवठ आणि काकवीवर एकदा हात चालवून बघा. एक भाग कवठ, पाच भाग काकवी, वर मध. कृती फुकट आहे. नाव द्यायचं झालं तर ‘तगर’ द्या, आणि काकवी मात्र मराठवाड्यातलीच घ्या.