डेंगी : अभ्यास डासांचा आणि पाण्याच्या पिंपांचाही

डेंगीचा प्रसार करणाऱ्या एडीस इजिप्ती डासाची मादी मुख्यत्वे घरात साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालते. त्यामुळे या रोगाच्या नियंत्रणात औषधफवारणीइतकेच महत्त्व लोकांच्या पाणी साठविण्याच्या सवयींच्या अभ्यासाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेत १९७५ मध्ये सुरू झालेल्या उष्णकटिबंधीय रोग संशोधन कार्यक्रमाने २००६ नंतर चेन्नईसह आशियातील सहा ठिकाणी असा अभ्यास घडवून आणला. सरसकट सर्व भांड्यांमागे लागण्याऐवजी डासांचे सर्वाधिक कोष ज्या मोजक्या प्रकारच्या भांड्यांत आढळतात तीच हेरावीत, हा त्यामागील विचार.

वाघोलीला तो नेमका लागू पडतो. ३० जून २०२१ रोजी हे गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले, तरी त्यानंतरही अनेक सोसायट्यांची भिस्त टँकरवरच राहिली. टँकर कधी येईल याची खात्री नसेल, तेथे पिंपे भरून ठेवणे हा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही.

अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगितले जाते. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या आतील कडांना चिकटतात व कोरड्यातही काही महिने टिकतात. कडा घासाव्याच लागतात. विकतचे पाणी ओतून देण्यास मन धजावत नसेल, तर पिंपाला घट्ट झाकण तरी हवे किंवा तोंडावर कापड बांधलेले असावे.