नारूची हद्दपारी

पूर्वीचे दिवस सुखाचे होते असे म्हणणाऱ्यांना नारूचे स्मरण उरलेले नाही. ज्या बारवेच्या पायऱ्या उतरून स्त्रिया घागरी भरीत, तिच्याच पाण्यातून नारूचे जंतू पोटात शिरत आणि सुमारे वर्षभराने, पुष्कळदा ऐन पेरणीच्या हंगामात, पायावरच्या फोडातून दीड-दोन हात लांबीचा कृमी तोंड बाहेर काढी. तो काडीवर गुंडाळीत रोज थोडाथोडा ओढावा लागे, तुटला तर पाय सुजून पिके आणि रयत जायबंदी होई. लस नव्हती, रामबाण औषधही नव्हते. तरी १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त झाल्या, पाणी फडक्याने गाळण्याचा परिपाठ पडला आणि १९९६ नंतर देशात एकही रुग्ण आढळला नाही. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. एवढ्या मोठ्या मुक्तीचा साधा उत्सवही आपण केला नाही, याची मला मनस्वी खंत वाटते.