पट्टा तुटल्यावर

यवतमाळ जिल्हा कापसाचा. जिनिंगच्या कारखान्यांत पूर्वी एकाच लांब दांड्यावरून अनेक यंत्रांना चपट्या पट्ट्यांनी गती मिळे. एखादे यंत्र अडकले की पट्टा घसरे किंवा पुलीवरून उतरे. कामगार तो पुन्हा चढवी आणि काम सुरू होई. घसरणे हा त्या पट्ट्याचा दोष होता, तसेच ते संरक्षणही होते. हा कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग तयार झाला. त्यावरील ‘शकुंतला’चे 1921 साली मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन 1923 पासून एप्रिल 1994 पर्यंत धावले. अशा इंजिनात वाफ सिलिंडरमध्ये केव्हा शिरावी व केव्हा बाहेर पडावी, हे चाकांच्या गतीशी जोडलेले पोलादी दांडे ठरवीत. तेथे घसरण चालत नसे.

मोटारीच्या इंजिनात झडपा उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एकच होतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला 25 वेळा उघडते. हा मेळ क्षणभरही चुकून चालत नाही. म्हणून या दोघांना जोडण्यासाठी आधी दातेरी चाके आणि साखळी वापरली गेली. आपल्या परिचयाच्या अँबॅसडर आणि पद्मिनी या गाड्यांत साखळीच होती.

पुढे कॅमशाफ्ट इंजिनाच्या माथ्यावर गेला आणि साखळी लांब झाली. तिचा आवाज वाढला, तिला तेलही हवे. यावर उपाय मिळाला तो शिवणयंत्रातून! न घसरणारा दातेरी पट्टा अमेरिकेत 1940 च्या दशकात शिवणयंत्रासाठी तयार झाला होता. 1962 च्या सुमारास ग्लास या जर्मन कंपनीने तो आपल्या मोटारीत बसवला, 1966 मध्ये फियाटनेही स्वीकारला. भारतात 1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 बरोबर हा पट्टा घरोघरी पोहोचला. तो हलका, स्वस्त आणि शांत होता. पण रबर उन्हाने व वयाने कडक होते, तेल लागले की फुगते. यवतमाळचा उन्हाळा त्याला मानवणारा नाही. म्हणूनच पट्टा बदलण्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे, दोन्हींत दिलेली असते.

चालत्या गाडीत पट्टा तुटला की कॅमशाफ्ट थांबतो आणि काही झडपा उघड्याच राहतात. क्रँकशाफ्ट मात्र वेगामुळे फिरत राहतो. काही इंजिनांत दट्ट्या आणि उघडी झडप यांच्यात पुरेशी जागा असते. तेथे नवा पट्टा घालून भागते. जेथे जागा नसते तेथे दट्ट्या झडपेवर आदळतो आणि झडप वाकते. हे कळावे कसे? ‘हेड उघडा’ म्हणणे सोपे आहे, पण तो खर्च टॅक्सीवाल्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढा असू शकतो. उलट पुन्हापुन्हा स्टार्टर मारून पाहिले, तर वाचलेल्या झडपाही जातात.

जाणता मिस्त्री आधी तुटलेला पट्टा पाहतो. तेलाने भिजला आहे का? पाण्याचा पंप किंवा ताण देणारी पुली अडकली आहे का? कारण तसेच राहिले, तर नवा पट्टाही तुटेल. मग तो खुणा जुळवून पट्टा बसवतो आणि इंजिन पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे फिरवतो. कोठे अडले की थांबतो. अडले नाही, तर प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतो. एकाच सिलिंडरमध्ये दाब नसेल, तर तेथील झडपेचा संशय बळावतो. सर्वच सिलिंडरमध्ये दाब सारखाच कमी असेल, तर पट्टा एखादा दात चुकून बसला असेल. आधी खुणा पुन्हा तपासायच्या.

शेवटी संशयित सिलिंडरचा दट्ट्या वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या स्थितीत, प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडतात आणि ऐकतात. हवा कार्ब्युरेटरच्या बाजूने फुसफुसली तर आत घेणारी झडप गळते, सायलेन्सरमधून आली तर बाहेर सोडणारी. तेल ओतण्याच्या तोंडातून आली तर दोष रिंगांचा असतो, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केटचा. न उघडताच आतले कळते.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. सायकलची ट्यूब, पंप आणि पाण्याची परात पुरेत. पंक्चरवाला बुडबुडे पाहतो, मिस्त्री फुसफुस ऐकतो, रीत एकच. हवा कोठून निसटते ते शोधा आणि मगच हत्यार उचला. मुलांना हा क्रम एकदा पटला, की तो इंजिनापुरता राहत नाही.