टॉमी विग : एका हंगेरियन जॅझवादकाची दीर्घ कारकीर्द

निर्वासित कलावंताचे चरित्र बहुधा एका ठरीव साच्यात लिहिले जाते. जुलमी राजवट, रात्रीच्या अंधारात ओलांडलेली सीमा, मुक्त भूमीवरील स्वागत आणि तेथे फुललेली प्रतिभा, हे त्या साच्याचे चार टप्पे होत. हंगेरीत जन्मलेले व्हायब्रफोनवादक व संगीतरचनाकार टॉमी विग यांची कारकीर्द वरवर पाहता या साच्यात सहज बसते. बुडापेस्टमधील बालवादक, १९५६ चा निर्वासित, अमेरिकेतील यशस्वी व्यावसायिक आणि उतारवयात मायभूमीस परतलेला ज्येष्ठ कलावंत, असा तिचा क्रम आहे. तथापि या क्रमातील प्रत्येक पायरीवर संगीताचे मोल कोण देत होते, हा प्रश्न विचारला की साचा अपुरा ठरतो. राज्यसंस्थेच्या बंधनातून सुटलेला हा कलावंत बाजारपेठेच्या बंधनात आला. त्या बंधनाने त्याला अन्न दिले, प्रतिष्ठा दिली, पण स्वतःच्या संगीतासाठी मात्र उरलेला वेळच दिला. विग यांच्या चरित्राचे ऐतिहासिक मोल या देवघेवीत आहे.

विग यांचा जन्म जुलै १९३८ मध्ये बुडापेस्ट येथे झाला. त्याच वर्षी, त्याच शहरात बेला बार्टोक यांनी अमेरिकन जॅझवादक बेनी गुडमन यांच्यासाठी ‘कॉन्ट्रास्ट्स’ ही व्हायोलिन, क्लॅरिनेट व पियानो यांची रचना लिहिली. हा योगायोग असला तरी सूचक आहे. युरोपीय अभिजात संगीत आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी निर्माण केलेले जॅझ यांच्यातील अंतर त्या काळी दोन्ही बाजूंनी कमी होत होते. दोनच वर्षांनी, १९४० मध्ये, बार्टोक यांनी देश सोडला आणि १९४५ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे अवशेष बुडापेस्टला परत येण्यास १९८८ साल उजाडावे लागले. हंगेरियन संगीतकाराचे परदेशगमन ही १९५६ मध्ये उद्भवलेली घटना नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

विग यांच्या वाद्याचा इतिहासही येथे थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. व्हायब्रफोन हे विसाव्या शतकाचे अपत्य होय. धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी आघात करावयाचा, पट्ट्यांखालील नळ्यांच्या तोंडाशी विजेच्या मोटरीने चकत्या फिरवून नादाला कंप द्यावयाचा आणि पायातील पट्टीने तो नाद लांबवावयाचा अथवा तोडावयाचा, अशी त्याची रचना. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कारखान्यांत ते घडले. १९३० मध्ये लायोनेल हॅम्प्टन यांनी लुई आर्मस्ट्राँग यांच्या ध्वनिमुद्रणात ते वाजविले आणि १९३६ पासून गुडमन यांच्या चौकडीत त्याला जॅझमध्ये कायमचे स्थान मिळवून दिले. बुडापेस्टच्या श्रोत्याला आघाताने वाजणारे आणि पायाने नाद आवरता येणारे वाद्य मात्र सर्वस्वी नवे नव्हते. तेथील शुंडा या वाद्यकाराने १८७४ मध्ये सिंबालोम या तारवाद्यास पायपट्टी जोडून त्याला मैफिलीचे रूप दिले होते. एका वाद्याचा वारसा दुसऱ्यात उतरला, असे म्हणण्यास या साम्याने आधार मिळत नाही. आपल्याकडील संतूर आणि सिंबालोम यांत जे बाह्य साम्य दिसते, तेवढेच हे साम्य समजावे.

विग यांच्या हाती प्रथम व्हायब्रफोन नव्हे, तर ड्रम आला. वडील क्लॅरिनेटवादक व जॅझसंगीतकार असल्याने घरातच शिक्षण सुरू झाले आणि सहा-सात वर्षांचा हा मुलगा लोकांसमोर वाजवू लागला. हा काळ विसरता कामा नये. बुडापेस्टचा वेढा फेब्रुवारी १९४५ मध्ये संपला, तेव्हा शहर उद्ध्वस्त झाले होते आणि डॅन्यूबवरील सर्व पूल पडलेले होते. चलनाचा ऱ्हास इतका झाला की ऑगस्ट १९४६ मध्ये फोरिंट हे नवे नाणे आणावे लागले. अशा स्थितीत करमणुकीच्या संगीताला मागणी होती आणि १९४५ ते १९४८ या अल्प अवधीत जॅझवर फारसा निर्बंध नव्हता. विग यांचे बालपणीचे यश या अल्पजीवी मोकळिकीचे फळ होय.

ती मोकळीक लौकरच संपली. फेब्रुवारी १९४८ मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाने संगीतविषयक ठराव संमत केला आणि त्याचे पडसाद पूर्व युरोपभर उमटले. १९४९ मध्ये हंगेरी लोकगणराज्य झाले. जॅझ हे पाश्चात्त्य अवनतीचे लक्षण ठरले. खुद्द बार्टोक यांच्याही काही रचना पन्नाशीच्या आरंभी कार्यक्रमांतून वगळल्या जात होत्या. विरोधाभास असा की याच काळात संगीतशिक्षणाची शासकीय व्यवस्था भक्कम होती. बुडापेस्टच्या बार्टोक संगीतविद्यालयात विग यांना जे शास्त्रशुद्ध शिक्षण लाभले, ते याच राजवटीने चालविलेल्या संस्थेत. ज्या राज्याने त्यांचे आवडते संगीत नाकारले, त्याच राज्याने त्यांना स्वरलेखन व रचनाशास्त्र यांची ती शिदोरी दिली, जिच्यावर पुढे परदेशात त्यांचा चरितार्थ चालला. निर्वासितांची चरित्रे लिहिताना ही बाब सहसा सांगितली जात नाही.

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी उठाव झाला आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडण्यास आरंभ केला. सुमारे दोन लक्ष लोक देश सोडून गेले. त्यांतील बहुसंख्य ऑस्ट्रियात उतरले, तर तीस हजारांहून अधिक लोकांना पुढे अमेरिकेने आश्रय दिला. अठरा वर्षांचे विग त्यांपैकी एक होते. न्यूयॉर्कच्या जुलिअर्ड या विख्यात संगीतसंस्थेत त्यांना शिष्यवृत्ती मिळाली आणि १९६१ मध्ये त्यांनी लास व्हेगास गाठले.

जॅझचे केंद्र न्यूयॉर्क असताना वाळवंटातील जुगारनगरीत जाण्याचे कारण कलाविषयक नसून आर्थिक होते. तेथील प्रत्येक मोठ्या हॉटेलात पगारी वाद्यवृंद असे. रोज रात्री ठरलेल्या वेळी नर्तिकांचे ताफे, विनोदी नट आणि नामांकित गायक यांना साथ करावी लागे. समोर ठेवलेली स्वरलिपी पाहताक्षणी अचूक वाजविणारा, आयत्या वेळी वाद्यवृंदासाठी नवी रचना लिहून देणारा वादक तेथे हवा असे. बुडापेस्टच्या शिक्षणाने विग यांना नेमके हेच कौशल्य दिले होते.

येथे एका वस्तुस्थितीची नोंद करणे आवश्यक आहे. लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावरील हॉटेले कृष्णवर्णीय कलावंतांना रंगमंचावर घेत, पण पाहुणे म्हणून राहू देत नसत. मार्च १९६० मध्ये झालेल्या समझोत्याने हा निर्बंध उठला. विग तेथे पोहोचले त्याच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट. ज्या समाजाने जॅझ जन्मास घातले त्याला जे दार नुकतेच उघडले होते, ते हंगेरीतून आलेल्या गौरवर्णीय तरुणास बंद असण्याचा प्रश्नच नव्हता. यात विग यांचा दोष नाही. पण ‘मुक्त भूमी’ हा शब्द वापरताना ती कोणासाठी मुक्त होती, हे विचारणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.

याच नगरीत विग यांचे कौटुंबिक जीवनही आकारास आले. युद्धोत्तर कोरियात अमेरिकन सैनिकांसमोर गाऊन पुढे आलेल्या किम भगिनी १९५९ मध्ये लास व्हेगासच्या थंडरबर्ड हॉटेलात दाखल झाल्या होत्या. त्यांतील मिया किम यांच्याशी विग यांचा विवाह झाला. शीतयुद्धाच्या दोन टोकांच्या आघाड्यांवरून आलेले दोन कलावंत एका जुगारनगरीत भेटतात, ही घटना त्या काळाच्या इतिहासाविषयी बरेच काही सांगून जाते.

रात्रीच्या नोकरीबाहेर विग यांनी आपला स्वतंत्र मोठा वाद्यवृंद उभा केला. ‘द साउंड ऑफ द सेव्हन्टीज’ आणि १९७७ ची ‘एन्काउंटर विथ टाइम’ या ध्वनिमुद्रिकांच्या मागे त्यांची रचनाकार म्हणून असलेली आकांक्षा आहे. जॅझमधील उत्स्फूर्त उपज आणि लिखित रचनेचा आधुनिक युरोपीय बांधा यांची जोड घालणे, हे ते ध्येय. तथापि विसाच्या घरातील वादकांचा वृंद पोसणे व्यक्तीला परवडणारे नसते. त्याचा खर्च दुसऱ्या कामातून काढावा लागे.

ते दुसरे काम १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिस येथे मिळाले. तेथील स्टुडिओंत चित्रपट, दूरचित्रवाणी आणि लोकप्रिय गायक यांच्यासाठी तासांच्या हिशेबाने वाजविणाऱ्या वादकांचा एक कुशल वर्गच होता. रॉड स्टुअर्ट यांच्या १९७८ च्या ‘ब्लाँड्स हॅव मोअर फन’ या ध्वनिमुद्रिकेत विग यांनी आघातवाद्ये वाजविली. लक्षावधी लोकांनी ती ऐकली, पण वादकाचे नाव फार थोड्यांनी वाचले असेल. १९८२ मधील ‘दे कॉल मी ब्रूस?’ या विनोदी चित्रपटाचे संगीत त्यांचेच. १९८४ च्या ऑलिंपिकनिमित्त लॉस एंजेलिसमध्ये झालेल्या जॅझ महोत्सवाची धुरा त्यांच्याकडे होती. त्या खेळांवर हंगेरीने, सोव्हिएत संघाच्या मागोमाग, बहिष्कार टाकला होता, हे येथे स्मरणात ठेवावे.

विग यांच्या वाटेचे वेगळेपण समजण्यासाठी तीन समकालीन हंगेरियनांशी तुलना उपयुक्त ठरते. गिटारवादक अटिला झोलर यांनी १९४८ मध्येच देश सोडला. ते पुढे अमेरिकेत स्थिरावले आणि व्हरमाँट येथे त्यांनी जॅझशिक्षणाचे केंद्र उभारले. गाबोर साबो हेही १९५६ चे निर्वासित. चिको हॅमिल्टन यांच्या संचातून ते नावारूपास आले आणि १९६६ मध्ये ‘जॅझ रागा’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी गिटारबरोबर सतारही हाती घेतली. ती सतार आपल्याकडील श्रोत्यास परंपरेपेक्षा नादवैचित्र्याच्या ओढीची वाटेल. कीर्ती त्यांना विग यांच्यापेक्षा अधिक लाभली, आयुष्य मात्र कमी. १९८२ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मायदेशीच्या भेटीत बुडापेस्ट येथेच ते निवर्तले. तिसरे उदाहरण डबल बासवादक अलादार पेगे यांचे. ते देश सोडून गेले नाहीत. शिक्षक आणि वादक म्हणून त्यांनी हंगेरीतच नाव मिळविले आणि १९८० मध्ये मुंबईच्या जॅझ यात्रेत आपल्या श्रोत्यांनी त्यांना ऐकले.

पेगे यांचे उदाहरण निर्णायक आहे, कारण मागे राहिलेल्या हंगेरीचा चेहराही बदलत होता. १९६५ मध्ये लुई आर्मस्ट्राँग बुडापेस्टच्या जनक्रीडागारात वाजवून गेले. त्याच वर्षी, ज्या बार्टोक संगीतविद्यालयात विग शिकले होते, तेथे यानोश गोंडा यांच्या नेतृत्वाखाली जॅझचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. देश सोडल्यावर नऊच वर्षांनी विग यांचे संगीत त्यांच्याच विद्यालयात अभ्यासक्रमाचा विषय बनले. त्या वेळी ते लास व्हेगासच्या हॉटेलांत साथ करीत होते. राज्याने बंदी घातलेले संगीत पुढे राज्यानेच शिकविले आणि बाजाराने आश्रय दिलेले संगीत पुढे बाजारानेच टाकून दिले. १९८९ मध्ये लास व्हेगासच्या वादकांनी मुद्रित फितींच्या वापराविरुद्ध संप केला. त्यात त्यांचा पराभव झाला आणि हॉटेलांतील पगारी वाद्यवृंदांचे युग जवळजवळ संपुष्टात आले.

२००६ मध्ये विग पत्नीसह बुडापेस्टला परतले. देश सोडल्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती. त्यानंतर अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेव्हिड मरे यांच्यासह त्यांनी काढलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नाव ‘वेलकम टू हंगेरी!’ असे आहे. पाहुण्याचे स्वागत करणारा यजमान येथे स्वतःच अर्धशतकानंतर घरी आलेला आहे, आणि स्वागत तो इंग्रजीतून करतो. वृंदातील वादक हंगेरीचे, प्रमुख पाहुणा कृष्णवर्णीय अमेरिकन आणि रचना विग यांच्या. १९३८ मध्ये बार्टोक आणि गुडमन यांच्यात कागदावर जे घडले, त्याचेच हे दूरचे सातत्य म्हणता येईल.

विग यांची गणना जॅझच्या युगप्रवर्तकांत होत नाही. परंतु संगीताचा सामाजिक इतिहास केवळ युगप्रवर्तकांच्या चरित्रांतून उभा राहत नाही. पगारी वृंदातील, स्टुडिओतील आणि दुसऱ्याच्या नावाने निघालेल्या ध्वनिमुद्रिकांतील वादकाचे आयुष्य हे त्या इतिहासाचे अधिक विश्वसनीय साधन होय, कारण कलेचे मोल प्रत्यक्षात कसे ठरत होते ते तेथे दिसते. विग यांच्या बाबतीत ते मोल शासनसंस्था, हॉटेल आणि स्टुडिओ या तीन आश्रयदात्यांनी ठरविले. तिघांनीही त्यांना काही दिले आणि काही मागितले. स्वातंत्र्य त्यांना सीमेपलीकडे तयार स्थितीत सापडले नाही. नोकरीनंतरच्या तासांत, स्वतःच्या वृंदासाठी स्वरलिपी लिहिताना, ते त्यांना पुनःपुन्हा कमवावे लागले, आणि त्यांच्या कारकीर्दीची दीर्घता ही मुख्यतः त्या चिकाटीची दीर्घता आहे.