महासंयोजी पिंड

मोठ्या मेंदूच्या डाव्या व उजव्या गोलार्धांना जोडणारा चेतातंतूंचा जाड पट्टा. डॉक्टरमंडळी त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. दोन गोलार्धांमधील खोल खाचेच्या तळाशी तो असतो. माणसात तो सुमारे १० सेंमी. लांब असून त्यात अंदाजे २० कोटी तंतू असतात. मेंदूतील श्वेतद्रव्याची ही सर्वांत मोठी जुडी होय. मेंदू मधोमध उभा कापल्यास पिंड कमानीसारखा दिसतो. पुढच्या भागातून कपाळामागील खंडांचे, तर मागच्या जाड टोकातून मुख्यतः दृष्टिकेंद्रांचे तंतू जातात. अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये व कांगारूसारख्या पिशवीधारी प्राण्यांत तो नसतो. तेथे हे काम प्रामुख्याने अग्र संयोजी ही वेगळी जुडी करते.

एवढी मोठी रचना कशासाठी, हे बराच काळ कोडे होते. १९४० च्या सुमारास अमेरिकेतील रॉचेस्टर येथे विल्यम व्हॅन वॅगेनन यांनी तीव्र अपस्माराच्या रुग्णांत ती छेदली. झटक्यांचा प्रसार रोखणे हा हेतू होता. नंतर रुग्णांच्या बोलण्यावागण्यात ठळक फरक आढळला नाही आणि पिंडाला विशेष कार्य नसावे, हा समज बळावला. खरी उणीव तपासणीत होती : विचारलेली गोष्ट दोन्ही गोलार्धांना एकाच वेळी कळत होती.

रॉजर स्पेरी यांनी ती दूर केली. आधी मांजरांवर आणि १९६० नंतर मायकेल गॅझानिगा यांच्यासह लॉस एंजेलिसमधील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर त्यांनी प्रयोग केले. रुग्णाने पडद्यावरील ठिपक्याकडे टक लावून पाहायचे. ठिपक्याच्या डावीकडे वस्तूचे चित्र क्षणभर चमकले, की ते फक्त उजव्या गोलार्धाला मिळे. काय दिसले, असे विचारल्यावर रुग्ण ‘काहीच नाही’ म्हणे, कारण वाचा बहुधा डाव्या गोलार्धाकडे असते. त्याच वेळी त्याचा डावा हात पडद्याआड चाचपून नेमकी तीच वस्तू उचले. चेताविज्ञानात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच सापडतो. या संशोधनासाठी स्पेरी १९८१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. ‘डाव्या मेंदूची’ व ‘उजव्या मेंदूची’ माणसे ही लोकप्रिय विभागणी मात्र या प्रयोगांतून सिद्ध होत नाही.

काही मुलांत हा पिंड जन्मतःच नसतो. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये ते दिसते. काहींचा विकास मंदावतो, काहींत लक्षणे सौम्य असतात. शस्त्रक्रियेनंतर दिसणारी फारकत त्यांच्यात सहसा तितकी ठळक नसते. वाढत्या मेंदूला इतर जोडमार्ग अधिक वापरता येतात, हे त्यामागील एक कारण मानले जाते.